पाटी खुशाल काढा, पण आधी तिचा फोटो घ्या

खान्देशातले रस्ते रुंद होऊ लागल्यापासून एक वाद वरचेवर कानावर पडतो. सुरत-नागपूर महामार्गाचा फागणे ते तरसोद हा टप्पा असो की तरसोद ते चिखलीचा, चौपदरीकरणाने जुनी वळणं आणि कडेची झाडं मागे टाकली. त्यांच्याबरोबर मागे पडले ते बंद ढाब्यांचे फलक, जिनिंगच्या फाटकावरची पत्र्याची कमान, बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगवलेल्या भिंती आणि अर्धे मातीत गेलेले किलोमीटरचे दगड. काही तरुण मुलंमुली सुटीच्या दिवशी गाडी काढतात आणि यांचे फोटो घेत फिरतात. त्यावर एक बाजू म्हणते, भंगाराचे फोटो काढून काय मिळतं? कापसाला भाव नाही आणि यांना गंज सुंदर दिसतो! दुसरी बाजू तावातावाने सांगते की हा आपला वारसा आहे, याला हातच लावू नका. मला दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडताना दिसतात. पाटी देखणी आहे का आणि ती उभी राहावी का, यावर कितीही वाद घाला. सार्वजनिक रस्त्यावर चारचौघांसाठी लिहिलेला मजकूर हा त्या समाजाचा दस्तऐवज असतो आणि नोंद न घेता तो पुसला जाणं हे सगळ्यांचं नुकसान आहे. पाटी खुशाल काढा. पण काढण्याआधी तिचा नीट फोटो झाला पाहिजे, आणि हे काम हौशी पोरांच्या सुटीवर सोडून देण्याइतकं किरकोळ नाही.

अशा पाटीत वाचण्यासारखं असतं तरी काय? एखाद्या जुन्या पेढीच्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘पू. खा.’ लिहिलेलं असेल, तर ती पूर्व खान्देश जिल्हा अस्तित्वात असतानाच्या काळात घेऊन जाते. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि महाराष्ट्र राज्य आलं तेव्हा त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. ‘नवापूर, जि. धुळे’ असं लिहिलेला फलक नंदुरबार जिल्हा झाला त्याच्या, म्हणजे १ जुलै १९९८ च्या आधीचा असणार. पत्त्यात पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. दगडावर अंतर मैलांत कोरलेलं असेल तर दशमान पद्धत रस्त्यावर पोहोचायच्या आधीचा. धर्मशाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर ‘लोकल बोर्ड’ दिसलं, तर १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्या अलीकडचं ते नाही. मुक्ताईनगरचं अंतर ‘एदलाबाद’ या नावाने सांगणारा फलक, टेलिफोनचा तीन आकडी नंबर मिरवणारं कापड दुकान, पिवळ्या रंगातलं एस.टी.डी.-पी.सी.ओ.: यातल्या प्रत्येकाला स्वतःची तारीख आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं सरकारी राजपत्रात आहेच की. नाही, तिथे अर्धंच आहे. राजपत्र हुकूम कधी निघाला ते सांगतं. लोकांनी तो हुकूम कधी मानला, किती काळ मानला नाही, हे पाटीच सांगते. २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. आपल्याकडचा ६ क्रमांक ५३ झाला. मुंबई-आग्रा रस्त्याचा ३ क्रमांक गेला आणि धुळ्याच्या एका बाजूला तो ६० झाला, दुसऱ्या बाजूला ५२. पण बोलताना आजही ‘सहा नंबर’च निघतं, आणि धुळ्यात बाजाराला जायचं तर माणूस आग्रा रोडलाच जातो. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली अधिकृत झालं. चाळीसगावकडून घाटाकडे निघालं की कुठल्या फलकावर नवं नाव आलं, कुठे जुन्यावरच पट्टी चिकटवली आणि कुठे कुणी काहीच केलं नाही, हा क्रम कुठल्याही फायलीत सापडणार नाही. हुकूम आणि व्यवहार यांच्यातलं हे अंतर मोजायला दुसरं साधन कोणतं?

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो, कारण ते हलके नाहीत. पहिला सुरक्षिततेचा. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. गंजलेले लोखंडी सांगाडे वाऱ्यावादळात काय करू शकतात हे त्यानंतर कुणाला सांगायची गरज नाही, आणि वैशाख-ज्येष्ठातलं आपल्याकडचं वादळ केळीच्या बागा झोपवतं, तिथे सडलेल्या खांबाची काय कथा? चुकीचं अंतर किंवा बंद झालेला फाटा दाखवणारा फलक रात्रीच्या ट्रकचालकाला भलतीकडे नेतो, हेही खरं. म्हणून ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. धोक्याची वस्तू उतरवलीच पाहिजे. पण या मुद्द्याने फोटोची गरज कमी होत नाही, उलट वाढते. जे आज ना उद्या उतरणारच आहे त्याची नोंद आज घ्यायची, की भंगारवाल्याचा टेम्पो निघून गेल्यावर?

दुसरा मुद्दा वस्तूच्या प्रेमातून येतो. एनामलची जुनी पत्र्याची पाटी हातात घेतली की तिचा जडपणा, कडेला उडालेले टवके, खिळ्यांच्या भोकांभोवतीचा गंज हे सगळं कळतं. फोटोत यातलं काही येत नाही. मग ती पाटीच जपून ठेवली तर? जिथे जपता येईल तिथे जरूर जपावी. पण आज या पाट्यांचं जे होतं ते जपणं नव्हे. त्या उचलल्या जातात, विकल्या जातात आणि एखाद्या शहरी हॉटेलच्या भिंतीवर शोभेला लागतात. तिथे ती चहाची किंवा साबणाची पाटी कुठल्या गावच्या, कुठल्या दुकानावर होती, समोर एस.टी. थांबत होती की बैलांचा बाजार भरत होता, हे कोण सांगणार? जागा सुटली की पाटीचा निम्मा अर्थ सुटतो. ‘जळगाव २३’ असं कोरलेला दगड त्याच्या जागेवरून हलवला तर तो खोटं बोलू लागतो. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३० च्या दशकात रस्त्याकडेच्या पाट्या, दुकानांचे दर्शनी भाग यांचे फोटो काढले, आणि उतारवयात ते खऱ्याखुऱ्या पाट्याच जमवू लागले. त्या जमवलेल्या पाट्या आज संग्रहातल्या वस्तू आहेत. त्यांच्या फोटोंत मात्र पाटीबरोबर भिंत आहे, फुटपाथ आहे, मंदीच्या काळातलं अख्खं गाव आहे. माझ्या मते फोटोचं खरं बळ इथे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बंद गिरणीच्या फाटकावरचं पुसट नाव तुम्हाला चित्र वाटतं, पण ज्याची हजेरी त्या फाटकावर लागायची त्याच्यासाठी ती जखम आहे. अमळनेर आणि धुळे ही एकेकाळी कापडगिरण्यांची गावं. प्रताप मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा नुसतं यंत्र थांबलं नाही. खानावळी, सायकलची दुकानं, भाड्याच्या खोल्या, मुलांच्या फिया सगळंच थांबलं. अशा ठिकाणी सोनेरी उन्हाची वाट बघून, रंग भडक करून, गंजाची नक्षी जवळून टिपायची आणि गावाचं नावही न लिहिता ती मिरवायची, याला मीसुद्धा बेपर्वाई म्हणेन. पण यात दोष कॅमेऱ्याचा की कॅमेरा धरणाऱ्याच्या आळसाचा? त्याच फाटकाचा फोटो तारीख आणि ठिकाणासह घेतला, शेजारच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या कामगाराला ‘बाबा, पगार कोणत्या तारखेला व्हायचा, शेवटचा कधी झाला’ एवढं विचारून ते खाली लिहून ठेवलं, तर तोच फोटो त्याच्या बाजूचा पुरावा होतो.

आणि पुरावा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. आपल्या जिल्ह्यांत पतसंस्था बुडाल्या, ठेवीदारांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. अशा कितीतरी संस्थांच्या शाखांवर व्याजाचे दर रंगवलेले असत: इतक्या महिन्यांना इतके टक्के, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा. शटर पडलं, पुढे जागा दुसऱ्याला भाड्याने गेली, नव्या भाडेकरूने भिंत रंगवली आणि कोणतं आश्वासन देऊन गावातून पैसा गोळा झाला होता हे सांगणारी सर्वांत ठळक ओळ नाहीशी झाली. तिचा फोटो काढणाऱ्याला कुणी गंजाचा शौकीन म्हणेल का?

‘शेतकरी अडचणीत आहे आणि तुम्ही पाट्या बघता’ हा टोलाही इथेच तपासून पाहू. गावच्या वेशीवरच्या भिंती पाहा. त्यांच्यावर शेतीचा अख्खा इतिहास थरांनी चढलेला आहे. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्याआधीच्या संकरित वाणांची नावं, एनएचएच-४४ सारखी, आता फक्त जुन्या रंगाच्या थरात उरली असतील. त्यावर बीटी बियाण्यांच्या एकामागून एक कंपन्या, मध्येच बोंडअळीचं औषध, मग ठिबकच्या नळ्या, मग विहिरीतल्या मोटारी, मग बोअरवेलवाल्याचा मोबाइल नंबर. पाणी किती खोल गेलं आणि बियाण्याची पिशवी कुणाच्या हातात गेली, याची ही वहीच आहे. शेतकऱ्याची कळकळ असणाऱ्याने तर हे फोटो सर्वांत आधी जमवायला हवेत.

राहिला प्रश्न किरकोळपणाचा. राजेरजवाड्यांचे ताम्रपट, शिलालेख जपावेत हे मान्य. पंक्चरवाल्याच्या पत्र्याचं कौतुक कशाला? याचं उत्तर खान्देशाच्याच मातीत आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या मंदिरात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांसमोर आणला. लेखातला बराचसा भाग संस्कृत, वंशांची आणि पांडित्याची थोरवी गाणारा. शेवटच्या थोड्या ओळी मात्र तेव्हाच्या मराठीत आहेत, आणि विषय काय? या गावच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाकडे जाणारा कर मठाला दिला, घाण्यामागे इतकं तेल द्यायचं, असला सगळा हिशेबी तपशील. कोरणाऱ्याच्या लेखी शेपूट ठरावी अशी ही पुरवणी. आज मराठी भाषेच्या अभ्यासकाला लेखाचा तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आठशे वर्षांपूर्वी इथला वाणी आणि तेली ज्या भाषेत व्यवहार करत होते ती तिथे सापडते. बाजारात लावलेला दरफलकच तो, दगडावरचा म्हणून टिकला. आपले दरफलक पत्र्यावरचे आहेत, ते टिकणार नाहीत.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यांवरचे, वाळवीच्या तोंडी गेलेले कागद जमवत होते, तेव्हाही त्या कागदांचे मालक त्यांना रद्दीच समजत होते. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात राजवाडे गेले आणि १९२७ च्या आरंभी त्याच धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच गावात नानासाहेब देवांनी रामदासी मठांतली हस्तलिखितं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर उभारलं. जे दुसऱ्याला अडगळ वाटतं ते वाचवण्याची परंपरा कुठे असेल तर ती इथेच आहे. ती बाहेरून आणायची नाही. योगायोगाने राजवाडे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन अत्झे वारला. जुन्या पॅरिसमधल्या दुकानांच्या पाट्या, दारं, गल्ल्या यांचे हजारो फोटो त्याने जड कॅमेरा वाहून काढले, आणि स्वतःच्या कामाला तो कला म्हणत नसे, कागदपत्रं म्हणे. जॉन मार्गोलिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं रस्त्याकडेची मोटेल, पेट्रोलपंप आणि पाट्या टिपल्या. त्याच्या ११,००० हून अधिक स्लाइड आज त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, कुणालाही मुक्तपणे वापरता येतील अशा. यातल्या कुणी पाट्या पाडण्याविरुद्ध मोर्चा काढला नव्हता.

मात्र नोंद करायची तर सोयीचीच करून चालणार नाही. सरकारने स्वातंत्र्यानंतर पहिली तीन दशकं जनतेशी भिंतींवरून संवाद केला. मलेरियाच्या फवारणीच्या खुणा दारांवर होत्या. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षिसाचं आवाहन भिंतीवर होतं. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा स्थानिक रोगी आढळला नाही, त्यात या भिंतींचाही वाटा आहे. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण तर खेड्याखेड्यांत पोहोचला. आज तो कुठे पुसट दिसला की गंमत वाटते, पण आणीबाणीत त्याच त्रिकोणाची माणसांना धास्ती होती. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्रिकोणाच्या फोटोखाली हे लिहिलं नाही, तर तो फोटो अर्धवट. जुन्या महाराष्ट्रात खाणावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे, तीही पाटी सापडली तर टिपली पाहिजे, कारण ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणणाऱ्याला तेवढंच उत्तर पुरतं.

पेंटर मंडळींबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं. फ्लेक्स आला आणि भिंतीवर दोरीने रेघ मारून, हाताने वळणदार अक्षर काढून, त्याला सावली देऊन कोपऱ्यात बारीक सही करणारी माणसं बेकार झाली. तालुक्याच्या गावात दोन पेंटर असत, आणि पाटी पाहून ती कुणाच्या हातची हे गाव ओळखत असे. त्यांच्या कामाचं प्रदर्शन कधी भरलं नाही. ते रस्त्यावरच होतं आणि आहे, अजून थोडं.

म्हणून फोटो कसा काढायचा हेही ठरलं पाहिजे. आधी लांबून, आजूबाजूची झाडं-घरं-रस्ता दिसेल असा. मग अगदी समोरून, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. मग कोपऱ्यातली सही, खालचा थर, खिळे. गाव, रस्ता, तारीख, फलकाचं तोंड कोणत्या दिशेला, हे लिहून ठेवायचं. जागेचा उल्लेख नसलेला पाटीचा फोटो म्हणजे गट नंबर नसलेला सातबारा. मालक हयात असेल तर त्याला विचारून काढायचा. तो ‘नको’ म्हणाला तर नाही काढायचा. रंग वाढवायचे नाहीत. आणि फोटो नुसता मोबाइलमध्ये ठेवायचा नाही, कारण एकमेकांना पाठवता पाठवता तारीख आणि ठिकाण गळून जातं, आणि फोन बिघडला की फोटोही जातो. मूळ फाइल दोन ठिकाणी आणि निवडकांची कागदावर प्रत, एवढं तरी हवं.

शेवटचा आक्षेप कामाच्या भाराचा: आधीच यंत्रणेला वेळ नाही, त्यात हे कोण करणार? यंत्रणा हे रोजच करते आहे. रोजगार हमीच्या विहिरीला आणि शेततळ्याला कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यावरचा असे जागेच्या अक्षांश-रेखांशांसह फोटो लागतात, आणि गावचा रोजगार सेवक ते काढतो. रस्ता रुंदीकरणाच्या निविदेत एक कलम घालायचं: हटवायच्या प्रत्येक जुन्या फलकाचा, दगडाचा आणि रंगवलेल्या भिंतीचा असाच फोटो काम सुरू होण्याआधी जमा करावा, त्याशिवाय त्या कामाचं बिल निघणार नाही. २०२२ पासून सर्वच दुकानांना मराठी पाट्यांची सक्ती झाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती सक्ती योग्यच होती, पण उतरलेल्या हजारो जुन्या पाट्यांची नोंद तेव्हा नगरपालिकांनी सहज घेतली असती. ती संधी गेली. चौपदरीकरणातून बाजूला पडलेला जुना रस्ता मात्र अजून जागेवर आहे. जळगावच्या विद्यापीठाने इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना एकेक तालुका प्रकल्प म्हणून वाटून द्यावा, फोटो जिल्हा ग्रंथालयात सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत, आणि सुरुवात पारोळा ते पाळधी या जुन्या तुकड्यापासून करावी, पावसाळ्याच्या आधी.